आत्याची भरलेली बस

आत्याच्या शेडमधून आजवर एकही पुतळा उघड्या अंगानं रस्त्यावर गेलेला नाही. तुटकं मनगट जोडायला आलेला असो की नवाकोरा असो, बाहेर पडताना त्याच्या अंगावर कपडा हवाच. कुणाला उसवलेला सदरा, कुणाला जुना झगा, डोक्याला ओढणी नाहीतर लोकरीची टोपी. "माझ्या दारातून जाणारा माणूस नीटनेटका गेला पाहिजे," असं ती म्हणायची, आणि 'माणूस' म्हणताना तिला जराही हसू यायचं नाही. दुसरं कुणी हसलंच, तर त्याला ती दिवसभर घासकामाला बसवायची.

कापडाच्या दुकानांत काचेमागे जे पुतळे उभे असतात, त्यांची नाकं, बोटं, कोपरं दुरुस्त करणं आणि सवड मिळेल तसे नवे पुतळे घडवणं, हा तिचा धंदा. वडिलांनी हे काम मुलाला शिकवायला घेतलं आणि ते मुलीला आलं. मुलाचं सगळं लक्ष गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यात. त्यामुळे पुढे दादा भर बाजारात दुकानाच्या गल्ल्यावर बसला आणि ही हात रंगवत राहिली. दादाची मुलं सुट्टीत शेडमध्ये खेळायला यायची आणि 'आत्या, आत्या' करून डोकं उठवायची. त्यांचं ऐकून कामाला येणाऱ्या बायका आत्या म्हणू लागल्या, मग शेजारचा वेल्डर म्हणू लागला, आणि शेवटी तिच्यापेक्षा चांगले वयानं मोठे असलेले बसचे ड्रायव्हरकाकासुद्धा. तीही त्यांना काका म्हणायची. यात कोण कुणाचं काय लागतं, हे शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

शेड शहराबाहेर होती. आता शहराबाहेर म्हणजे नक्की किती बाहेर, हे सांगायची मोठी पंचाईत. नकाशा उघडला तर अगदी हाकेच्या अंतरावर. पण मोठा रस्ता जायचा उंच पुलावरून, शेडच्या थेट डोक्यावरून. पूल बांधणाऱ्या शहाण्यांनी चढायची वाट शहराच्या टोकाला ठेवली होती आणि उतरायची पार पुढच्या गावाजवळ. मधल्या पट्ट्यात वेल्डिंगवाले, खोकेवाले, साबणवाले, गादीवाले असे ढीगभर लोक पोटापाण्याचं काही करतात आणि त्यांच्याकडे कुणाला कधी यावंसं वाटेल, हे त्या शहाण्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. खालून जुना रस्ता होता. तो रेल्वे फाटकावर रुसून बसायचा, पुढे दोन-चार वळणं घ्यायचा आणि मग मनात आलं तर वसाहतीत पोचायचा. आत्याचं गिऱ्हाईक यायचं ते उशिरा आणि चिडलेलं यायचं. चिडलेल्या माणसाला जगातलं कुठलंही नाक पसंत पडत नाही, हा तिचा अनुभव.

गिऱ्हाइकाचं एक वेळ चालून गेलं असतं. खरी अडचण कामाला येणाऱ्या बायकांची होती. चौघीजणींना आत्यानं मुळापासून तयार केलं होतं. भेगांत लांबी भरणं, पॉलिश पेपरनं घासणं, रंगाचा फवारा मारणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे डोळे-भुवया काढणं. भुवई जरा वर गेली की पुतळा रागावलेला दिसतो, जरा खाली आली की उधारी मागायला आल्यासारखा. त्यात जी सगळ्यात तरबेज झाली, तिचं नावच भुवईवाली पडलं. पूर्वी या चौघी फाटकापासून धूळ खात चालत यायच्या. पावसापाण्यात, उन्हातान्हात. एकदा भुवईवाली म्हणाली, "आत्या, पोचेपर्यंत माझा हात थरथरतो, मग पहिले दोन डोळे तिरळे होतात." ती तक्रार नव्हती, पण आत्याला ती रात्रंदिवस बोचत राहिली.

दादा दर आठवड्याला फोन करायचा. "अगं, सोड ते जंगल. माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर ये. भर बाजार, दाराशी गिऱ्हाईक!"

"दादा, तुझ्या पोटमाळ्यावर पुतळा उभा राहत नाही, आडवा ठेवावा लागतो. आणि माझ्या चौघी कुठे बसणार?"

"त्या शोधतील दुसरं काम. तू तुझं बघ."

मग आत्या म्हणायची, "बघते," आणि फोन ठेवून पुन्हा घासकामाला बसायची.

अशात बस सुरू झाली. कुणी कधी अर्ज केला होता, कुणाच्या कृपेनं तो मंजूर झाला, देव जाणे. जुन्या रस्त्यानं शहरातून येणारी, फाटक ओलांडून वसाहतीत शिरणारी, आणि आत्याच्या शेडसमोर वळून परत जाणारी बस. सुरुवातीला चाचणीपुरती. ड्रायव्हरकाका पहिल्या दिवशी शेडसमोर उतरले, पुतळ्यांना बघून दचकले, चहा प्यायले आणि वसाहतीचे झाले. चौघीजणी बसनं येऊ लागल्या. तिरळे डोळे बंद झाले. एका सोफ्याच्या मोठ्या दुकानाचा मालकदेखील बसनंच आला, कारण त्याची गाडी त्या दिवशी बंद होती, आणि येताना इतका खूश झाला की सोफ्यांवर बसवायला दीड डझन बसते पुतळे सांगून गेला. मांडी दुमडलेले, कोपर टेकलेले, निवांत. आत्याच्या हातून इतकं मोठं काम आधी कधी झालं नव्हतं.

आणि मग थांब्यावर नोटीस लागली. चाचणीचे दिवस संपत आले, गुरुवारी सकाळी वसाहतीकडून शहराकडे जाणाऱ्या फेरीत प्रवासी मोजले जातील, पुरेसे आढळले नाहीत तर बस बंद.

आत्यानं ती नोटीस दोनदा वाचली. बस गेली की चौघी गेल्या. चौघी गेल्या की शेड गेली. मग उरला पोटमाळा. ती थांब्यावरच्या दगडावर थोडी बसली, आणि मग उठून तरातरा शेजारच्या वेल्डरकडे गेली.

"गुरुवारी सकाळी बसनं शहरात जायचं."

"मला काय काम आहे शहरात?"

"दाढी करून ये."

"दाढी इथं होते की, आत्या!"

"मग कुणाची तरी बघून ये! पण जायचं."

खोकेवाला म्हणाला, आमच्याकडे गुरुवारी घाई असते. त्याला तिनं सांगितलं की बस बंद पडली तर त्याला शुक्रवारीही घाई राहणार नाही आणि शनिवारीही. साबणवाल्या दोघा भावांनी बायकापोरांसकट यायचं कबूल केलं. गादीवाल्यानं तर सहलीला निघाल्यासारखा उत्साह दाखवला. प्रत्येकाला आत्या जाताजाता एकच वाक्य बजावून सांगत होती, "एवढं ध्यानात ठेवा, बस भरलेली दिसली पाहिजे." हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं की वसाहतीतल्या पोपटालाही पाठ झालं असतं.

नेमका सोफेवाल्याचा माल पोचवायचा दिवसही गुरुवारच निघाला. दुकान शुक्रवारी उघडणार होतं, त्यामुळे पुढे-मागे करायची सोय नव्हती. आत्यानं टेम्पो ठरवला. पहिल्या बसनं आल्याबरोबर चौघींनी दीड डझन पुतळ्यांना स्वेटर, सदरे, झगे घातले, डोक्यांना ओढण्या-टोप्या बांधल्या, आणि सगळ्यांना शेडबाहेर बाकांवर ओळीनं बसवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"आत्या, तुमची शेड दिसतेय मला," टेम्पोवाला म्हणाला.

"मग ये की बाबा."

"पण मी वर आहे."

आत्यानं मान वर केली. पुलाच्या कठड्याशी निळा टेम्पो उभा होता आणि त्यातून एक हात हलत होता. टेम्पोवाला नवा होता. बिचारा सरळ पुलावर चढला होता.

"खाली कुठून येऊ?"

"पुढच्या गावाहून."

"मग परत यायला?"

"दुपार," आत्या म्हणाली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

इतक्यात बस आली. बायकामाणसं उतरून आपापल्या कामाला पांगली, बस रिकामी झाली. ड्रायव्हरकाकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, बाकांवरच्या मंडळींकडे पाहिलं आणि त्यांना सगळा प्रकार कळला. "माझी बस त्या दुकानावरूनच तर जाते," ते म्हणाले. "बसवा यांना आत."

"काका, आज मोजणी आहे!"

"म्हणून काय झालं? एकेक खिडकीला बसवा. शेजारच्या जागा मोकळ्या राहतात, मधे उभं राहायला जागा आहे. सगळी वसाहत मावेल."

बोलणं बिनतोड होतं. शिवाय पुतळ्यांची कोपरं खिडकीच्या कडेवर अशी चपखल टेकली की जणू मापानंच केली होती. भुवईवालीनं आत चढून प्रत्येकाची टोपी सारखी केली आणि तीही मालाबरोबर निघाली. आत्या मागच्या बाकावर दोन अवघड पुतळ्यांच्या मधे बसली, दोघांच्या कमरेला हात घालून, कारण वळणावर ते कलंडायचे. बस निघाली.

वळणापलीकडच्या पहिल्या थांब्यावर वेल्डर सकाळपासून सगळ्यांना गोळा करत उभा होता. अंघोळ केलेला, भांग पाडलेला, इस्त्रीच्या शर्टात. त्याला ओळखायलाच वेळ लागला. मागे खोकेवाला, त्याची माणसं, गादीवाला घरच्यांसकट. बस जवळ आली, आणि वेल्डरनं बघितलं की प्रत्येक खिडकीत एकेक माणूस बसलाय. त्याचा चेहरा असा उजळला!

"भरली!" तो ओरडला. "आत्यानं बस भरली रे!"

थांब्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी दार उघडलं. "चढा, चढा लवकर."

"आता कशाला, काका? आधीच गच्च आहे. आम्ही चढलो आणि ती मोजणीवाली बाईच बाहेर राहिली तर? जा तुम्ही!"

"अरे, आत रिकामी आहे!"

"काका, चेष्टा पुरे," गादीवाला म्हणाला आणि त्यानं बसच्या पत्र्यावर हात मारला. "जाऊ दे!"

मागच्या बाकावर आत्या जिवाच्या आकांतानं ओरडत होती, "अरे मेल्यांनो, पुतळे आहेत ते! चढा!" पण दोन्ही हात गुंतलेले, बाहेर टाळ्या, आणि काचेतून तिचं ओरडणं त्यांना आनंदाचं वाटलं. वेल्डरनं तिच्याकडे बघून दोन्ही मुठी उंचावल्या. खोकेवाल्यानं एका टोपीवाल्या पुतळ्याला अदबीनं हातसुद्धा केला. मग सगळे, कामगिरी फत्ते झाल्याच्या समाधानात, घाईघाईनं आपापल्या कामाला परत गेले.

काका म्हणाले, "असू दे, पुढच्या थांब्यावर समजावू." पण वेल्डर पडला उत्साही माणूस. त्यानं तोवर पुढे साबणवाल्यांना फोन लावला होता की बस भरली, उगाच ताटकळू नका, घरी जा. पुढच्या थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याच्या पुढच्या थांब्यावर एक कुत्रं होतं, तेही बसकडे बघून उठून गेलं. भुवईवालीनं वेल्डरला फोन लावून पाहिला, तर तो सारखा दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. ज्या बसमध्ये बसायला आत्यानं दारोदार फिरून माणसं गोळा केली, ती माणसं तिनंच कपडे घालून बसवलेल्या पुतळ्यांनी घरी पाठवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फाटक लागलेलं होतं. तिथंच मोजणीवाल्या बाई उभ्या होत्या, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, पायात झिजलेल्या चपला. त्यांनी रस्त्यावरूनच खिडक्यांवर पेन फिरवत मोजायला सुरुवात केली. एक बाजू झाली. वळसा घालून दुसरी बाजूही झाली. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट आनंद दिसला. बहुतेक त्यांनी इतक्या बस बंद पडताना पाहिल्या असाव्यात की एखादी भरलेली दिसली म्हणून त्यांनाच बरं वाटलं. मग त्या दारातून चढल्या, काकांना "छान चाललीये हो तुमची बस" म्हणाल्या, काकांच्या मागच्या एकट्या बाकावर बसल्या आणि त्यांनी फाइल मिटली.

भुवईवाली आत्याच्या कानाशी लागली. "आत्या, गप्प बसा. त्यांनी मोजलंय. आपण काही खोटं बोललो नाही."

खरंच बोललो नव्हतो. आत्याच्या मनात आलं, दोन थांबे तोंड मिटून बसायचं, एवढंच तर आहे. चौघींची नोकरी, तिची शेड, सगळं त्या मिटलेल्या फाइलमध्ये होतं. अगदी खरं सांगायचं तर तिला मोह झाला होता. पण समोर त्या बाईचा खूश झालेला पाठमोरा खांदा दिसत होता, आणि तो तिला बघवेना.

"बाई," ती मोठ्यानं म्हणाली, "जरा मागे येऊन बघता का?"

बाई उठून मागे आल्या. पहिल्या पुतळ्याला त्या "नमस्कार" म्हणाल्या. दुसऱ्याच्या चेहऱ्यात त्यांनी वाकून पाहिलं. तिसऱ्याची टोपी उचलली. मग त्या मधल्या वाटेतच उभ्या राहिल्या आणि एकेका खिडकीकडे बघत राहिल्या. आत्यानं टेम्पोपासून वेल्डरपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. बाई ऐकत होत्या, आणि वेल्डरनं पुढे फोन केला इथपर्यंत आल्यावर त्यांना जे हसू फुटलं, ते थांबेचना. त्या शेजारच्या पुतळ्याच्या खांद्यावर डोकं टेकवून हसल्या. काकाही हसले. भुवईवालीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

मग बाईंनी डोळे पुसले. "आत्या, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. पण मला जे दिसलं तेच लिहावं लागेल. प्रवासी मोजके. बाकी कपडे घातलेले पुतळे. वाईट वाटतंय मला."

"लिहा," आत्या म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सोफ्याच्या दुकानापाशी पुतळे उतरवायला बाईंनीही हात लावला, कारण बस मधोमध उभी होती आणि मागचे हॉर्न वाजवून जीव घेत होते. मालक मात्र एकेक पुतळा सोफ्यावर बसवून बघत होता आणि हरखून जात होता. आत्याचं कशातच लक्ष नव्हतं. ती मनातल्या मनात पोटमाळ्यावर पुतळे आडवे लावत होती.

शेवटचा पुतळा आत पोचवून बाई बसमध्ये भुवईवालीच्या शेजारी टेकल्या. कपाळावरचा घाम टिपत सहज म्हणाल्या, "तू राहतेस कुठे गं?"

"इथंच, शहरात. बाजाराच्या मागे."

"मग सकाळी तिकडून कशी आलीस?"

"बसनं तिकडे गेले, कामाला. आता माल पोचवायला परत आले."

"जाताना जागा मिळते बसायला?"

"जागा?" भुवईवालीला प्रश्नच कळला नाही. "सकाळी तिकडे जाताना कुणी बसतं होय? आज तर मी पायरीवर होते."

बाईंनी पेन खिशातून काढलं, परत ठेवलं. त्या काकांकडे वळल्या. "तुमची पुढची फेरी तिकडे कधी जाते?"

"आत्ताच की. दुसऱ्या पाळीवाल्यांची."

"मग मी येते," बाई म्हणाल्या. "ही फेरी नोटिशीत नाही, पण माझी सकाळ अजून संपलेली नाही."

बाजाराच्या थांब्यावर बसचं दार उघडलं आणि माणसं आत घुसली. साबणवाल्यांकडच्या मुली, खोकेवाल्याचे कामगार, गादीवाल्याकडे कापूस पिंजायला जाणारे, नमुने बघायला निघालेले दोन व्यापारी, वेल्डरला दाखवायला तुटक्या गेटचा तुकडा घेऊन चढलेला एक म्हातारा. आत्या पुढे ढकलली गेली, बाई मागे. फाटकापाशी आणखी चढले. काका ओरडत होते, "आत सरका, आत सरका!" आणि आत सरकायला आत काही उरलेलंच नव्हतं. सकाळी वसाहत शहरात जात नाही, शहरच वसाहतीत कामाला येतं, हे इतके दिवस आत्याच्या डोळ्यांदेखत घडत होतं. तिच्या चौघीही रोज तशाच यायच्या. पण नोटिशीत उलट्या फेरीचं लिहिलं होतं, म्हणून ती उलट्या फेरीच्या मागे धावत सुटली होती. स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यावा असं तिला वाटलं, पण हात वर करायला जागा नव्हती.

शेडसमोर बस रिकामी व्हायला बराच वेळ लागला. सगळ्यात शेवटी बाई उतरल्या. केस विस्कटलेले, ओळखपत्र पाठीवर गेलेलं, एका चपलेचा अंगठा तुटलेला.

आत्यानं भीत भीत विचारलं, "बाई, काय लिहिलंत?"

"लिहिणार कशानं?" बाई म्हणाल्या. "दोन्ही हातांनी दांडा धरला होता! आता मला जरा कुठे बसू द्या, आणि चहा द्या, म्हणजे लिहिते. ही बस पुरत नाही, अजून एक द्या, असं."

आत्यानं त्यांच्यासाठी बाक पुसला, चहाचं आधण ठेवलं, आणि मग पातेल्याकडे तोंड करून ती रडली, कारण बाईंसमोर रडायची तिला लाज वाटत होती. चौघीजणी दारात उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यापैकी कुणीही हसलं नाही.